कैद्याला पुढे आणा!

इ. स. १९६४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या तुरुंगातील एका स्थानबद्धाने राज्य सरकारकडे एक अर्ज केला. अर्जातील मागणी सुटकेची नव्हती, चांगल्या अन्नाची नव्हती, की भेटीगाठींचीही नव्हती. या गृहस्थाने तुरुंगात बसून, आणि तेही सरकारच्याच परवानगीने, मराठीत एक पुस्तक लिहिले होते. पुस्तकाचे नाव 'अणूच्या अंतरंगात'. त्याचे हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. सरकारने सहा महिने विचार केला आणि २७ मार्च १९६५ रोजी कळविले की, परवानगी मिळणार नाही! अणूच्या पोटात काय असते हे चार मराठी वाचकांस समजल्याने भारताच्या संरक्षणाला नेमका कोणता धोका पोहोचणार होता, हे कोडे आम्हांला साठ वर्षांनंतरही उलगडलेले नाही.

स्थानबद्धाचे नाव प्रभाकर संझगिरी. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना अटकेत ठेवलेले होते. देशात आणीबाणी जारी होती. घटनेच्या १४, २१ व २२ या कलमांनी दिलेल्या हक्कांसाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झालेला होता. अशा स्थितीत या माणसाने घटनेच्या २२६ व्या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज केला. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका चाळली, ग्रंथ निव्वळ शास्त्रीय असल्याची खात्री करून घेतली आणि हस्तलिखित लेखकाच्या पत्नीच्या हाती जाऊ द्यावे असा हुकूम सरकारला दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले. तेथे त्याचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. स्थानबद्धतेच्या अटींत ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढेच स्थानबद्धाचे हक्क, आणि पुस्तक छापविण्याची सवलत त्यांत नाही, असे सरकारचे म्हणणे. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्यावर जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, मग अटींत जेवण देण्याचा उल्लेख राहून गेला तर स्थानबद्धाला उपाशी मारण्याचाही अधिकार सरकारला आहे असे म्हणावे लागेल! अपील फेटाळले गेले. हा निकाल लागला तो सप्टेंबर १९६५ च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे भारतीय सेना सरहद्द ओलांडून लाहोरच्या रोखाने निघाली होती त्याच आठवड्यात. युद्ध तोंडाशी असता, आणीबाणी चालू असता, सरकारने नकार दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत एका कैद्याची वही दोन न्यायालये पार करून तुरुंगाच्या भिंतीबाहेर आली.

ही जुनी हकीकत आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितली, तिला कारण आहे. रिट म्हणजे काय, हे कायद्याच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या एका प्रकरणावरून अधिक स्वच्छ समजते. घटनेच्या ३२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाला आणि २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयांना पाच प्रकारचे आदेश काढण्याचा अधिकार आहे. घटनेच्या मराठी प्रतीत त्यांना देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार व प्राकर्षण अशी भारदस्त नावे दिली आहेत. नावांनी वाचकांनी बिचकून जाऊ नये. सरकारी अधिकारी आपले कर्तव्य करीत नसेल तर 'कर' म्हणून सांगणारा तो महादेश. संझगिरींना मिळाला तो याच जातीचा. दुय्यम न्यायासने आपली मर्यादा ओलांडू लागली तर त्यांना रोखणारा तो प्रतिषेध, त्यांनी ती ओलांडून दिलेला निर्णय मागवून रद्द करणारा तो प्राकर्षण, आणि सार्वजनिक पदावर बसलेल्यास 'तू येथे कोणत्या अधिकाराने बसलास?' असे विचारणारा तो क्वाधिकार. परंतु या सर्वांत वडीलकीचा मान देहोपस्थितीचा, म्हणजे वकीलमंडळी ज्याला हेबियस कॉर्पस म्हणतात त्याचा. त्याचा अर्थ साधा आहे: ज्याला तुम्ही धरून ठेवले आहे त्याला आमच्यापुढे आणा आणि का धरले ते सांगा. सांगता येत नसेल तर सोडा.

घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ रोजी या कलमाची चर्चा चालली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा आणि घटनेचे हृदय म्हटले होते. बाबासाहेब शब्द उधळणारे नव्हते. त्यांच्या म्हणण्यामागे इंग्रजी अमदानीचा ताजा अनुभव होता. विशेषाधिकाराचे रिट काढण्याची सत्ता तेव्हा कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीनच उच्च न्यायालयांना होती आणि तीही बव्हंशी त्या त्या शहराच्या सीमेपुरती. बेकायदा अटकेविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४९१ वे कलम होते खरे, पण ते साध्या कायद्याचे कलम. ज्याने दिले त्यानेच हवे तेव्हा काढून घ्यावे अशातले. १९४३ च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांतातून गेलेल्या केशव तळपदे यांच्या अपिलात फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियमच बेकायदा ठरविला, तेव्हा सरकारने काय केले? वटहुकूम काढला आणि नियम पूर्वलक्षी प्रभावाने कायदेशीर करून घेतला! न्यायालयाने दार उघडावे आणि कारभाऱ्याने भिंतच बांधून काढावी, असा तो खेळ होता. १९५० च्या २६ जानेवारीला तो संपला. रिटचा अधिकार घटनेतच आला. आणि २२६ व्या कलमाने तो कोणत्याही प्रयोजनासाठी, केवळ मूलभूत हक्कांपुरता नव्हे, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हाती दिला.

या अधिकाराचा वापर न्यायालयांनी किती बारकाईने केला त्याचे आणखी एक उदाहरण आमच्याच राज्यातील आहे. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या एका इसमास प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटकेत टाकले आणि अटकेची कारणे इंग्रजीत लिहून त्याच्या हाती ठेवली. या गृहस्थास इंग्रजी येत नव्हते. मला हिंदीत द्या, असे तो म्हणाला. इंग्रजी ही अद्याप राज्यकारभाराची भाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने त्याला तोंडी अर्थ सांगितला आहे, असे सरकारचे उत्तर. उच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. परंतु १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याला मुक्त केले. कारण कळविणे म्हणजे ज्याला कळवायचे त्याला कळेल अशा भाषेत कळविणे, इतकी साधी गोष्ट ती. या साध्या गोष्टीला अटकेतील प्रत्येक माणसापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागावा? ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी दिली पाहिजेत. स्थानबद्धाला १९६२ साली मिळाले ते साध्या आरोपीला इतक्या निःसंदिग्ध शब्दांत मिळण्यास त्रेसष्ट वर्षे गेली!

देहोपस्थितीचा इतिहास लिहिताना १९७६ चा एप्रिल टाळून पुढे जाता येत नाही. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. 'मिसा' या एका कायद्याखालीच सुमारे ३५ हजार माणसे अटकेत गेल्याचे शहा आयोगाने पुढे नोंदविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की, आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढे आम्ही पाहणारच. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी ही नऊही दारे एकदम लावून टाकली. चार न्यायमूर्ती एका बाजूस आणि न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे दुसऱ्या बाजूस. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणास ठार मारले तरी आणीबाणीत त्यावर इलाज नाही काय, असा प्रश्न खन्ना यांनी सुनावणीत विचारला होता आणि सरकारच्या महान्यायवादींनी, इलाज नाही, असे उत्तर दिले होते. खन्ना यांना त्यांच्या मतभिन्नतेची किंमत १९७७ च्या जानेवारीत मोजावी लागली. त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींस सरन्यायाधीश नेमण्यात आले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने २० व २१ ही कलमे आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत अशी तजवीज केली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल उघडपणे मोडीत काढला. बहुमतात सामील झालेले एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. निकाल मोडीत काढणारे एक न्यायमूर्ती त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. पित्याच्या बाबतीत न्यायाचे माप पुरते घालायचे तर हेही सांगितले पाहिजे की, बिहारात निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात सडत पडलेल्या रुदल साहच्या देहोपस्थितीच्या अर्जावर १९८३ साली राज्य सरकारकडून नुकसानभरपाई देवविणारे सरन्यायाधीशही हेच यशवंतराव होते. नुसती सुटका पुरेशी नाही, गेलेल्या वर्षांचे मोलही सरकारने भरले पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने रुजविले.

तेव्हा, दार आता कोणी लावू शकत नाही. घटनेनेच ते उघडे ठेवले आहे. मग आज आमची तक्रार कशाची? तक्रार आहे ती उघड्या दारापुढे लागलेल्या रांगेची. देहोपस्थितीचा सारा जीव तातडीत आहे. जमिनीच्या वादात निकाल पाच वर्षांनी लागला तरी जमीन जागेवर असते. माणसाची अटक बेकायदा होती असे ती संपल्यावर ठरले तर त्या निकालाचे त्याने काय करावे? ही गोष्ट इंग्लंडातील पार्लमेंटला १६७९ साली कळली होती. त्या वर्षीच्या हेबियस कॉर्पस कायद्यात घोडागाडीच्या त्या काळात मुदती घालून दिलेल्या आहेत. तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर कैदी तीन दिवसांत पुढे आणावा, शंभर मैलांच्या आत असेल तर दहा दिवसांत, त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत. आणि न्यायालयाला सुटी असताना असा अर्ज नाकारणाऱ्या न्यायाधीशाने पाचशे पौंड भरावेत, तेही सरकारी तिजोरीत नव्हे, त्या कैद्याला!

आमच्याकडे काय घडते? ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचे नेते महंमद युसूफ तारिगामी यांच्यासाठी सीताराम येचुरी यांनी सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. तारिगामींना आमच्यापुढे आणा, असे न्यायालयाने सरकारला सांगितले नाही. तुम्हीच श्रीनगरला जाऊन त्यांना भेटून या, असे अर्जदाराला सांगितले. कैद्याला न्यायालयापुढे आणणारा आदेश मागायला गेलेल्या माणसाला न्यायालयाने कैद्याकडे धाडले. पुढच्या महिन्यात तारिगामींना उपचारार्थ दिल्लीस हलविण्याचा हुकूम झाला, हे खरे. पण अटक कायदेशीर की बेकायदा, हा जो मूळ सवाल, तो त्या भेटीने सुटत नव्हता.

पुढच्याच वर्षीची दोन प्रकरणे वाचकांच्या स्मरणात असतील. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ५ ऑक्टोबर २०२० रोजी हाथरसच्या वाटेवर अटक झाली. त्यांच्या संघटनेने लगोलग सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. तो चार आठवडे पुढे गेला आणि १६ नोव्हेंबरला पुन्हा निघाला तेव्हा ३२ व्या कलमाखालील अर्जांना आम्ही उत्तेजन देऊ इच्छीत नाही, असे उद्गार सरन्यायाधीशांच्या तोंडून आले. कप्पन यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळाला तो ९ सप्टेंबर २०२२ रोजी. याच दरम्यान, ११ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या सुटीत, त्याच न्यायालयाने दुसरे एक पत्रकार अर्णब गोस्वामी यांचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नकारानंतर दोन दिवसांत ऐकून त्यांची सुटका केली आणि नंतरच्या सविस्तर निकालात लिहिले की, स्वातंत्र्याचा एक दिवसाचा अपहारही एक दिवस जास्तच होय. गोस्वामींचे प्रकरण दोन दिवसांत ऐकले याबद्दल आमची तिळमात्र कुरकूर नाही. तसेच ऐकले पाहिजे! दंडाधिकाऱ्याने कोठडी दिल्यानंतर देहोपस्थितीचा अर्ज सामान्यतः चालत नाही, हा नियमही आम्ही जाणतो. तो दोघांनाही सारखाच लागू होता. आमचे म्हणणे इतकेच की, एक दिवस जास्त होतो तो सर्वांच्याच बाबतीत होतो, आणि कोणाचा अर्ज दोन दिवसांत निघावा व कोणाचा चार आठवड्यांनी, हे अर्जदाराच्या नावावरून ठरते अशी शंकासुद्धा लोकांच्या मनात येता कामा नये.

ही तर गाजलेली नावे. खरा प्रश्न आहे तो ज्यांचे नाव वर्तमानपत्रात कधीच येत नाही त्यांचा. महाराष्ट्रात १९८१ सालचा एक स्थानबद्धता कायदा आहे. त्याच्या लांबलचक नावात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती येथपासून पुढे दुरुस्त्यांनी आलेल्या वाळू तस्करांपर्यंत सर्वांची वर्णी लागली आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस आयुक्ताच्या सहीने माणूस खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत आत जातो. गुंडांचा आम्हांला पुळका नाही. गुंडावर खटला भरावा आणि त्याला शिक्षा द्यावी. परंतु हातभट्टीवाल्यावर दारूबंदीचे गुन्हे असणे वेगळे आणि त्याच्यामुळे सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येणे वेगळे, हे न्यायालयांनी वारंवार सांगूनही आदेश निघतातच. २०२४ च्या मार्चमध्ये असाच निघालेला एक आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात रद्द केला. मार्च ते डिसेंबर! बारा महिन्यांच्या अटकेतले नऊ महिने उलटल्यावर अटक चुकीची होती असे कळले. आणि हा माणूस तरी दिल्लीपर्यंत पोहोचू शकला. ज्याची मुदत अर्ज सुनावणीस येण्यापूर्वीच संपते, त्याच्या अर्जावर 'आता काही उरले नाही' असा शेरा मारून कागद बस्त्यात जातो.

यातील विसंगती अशी की, न्यायालये सरकारच्या विलंबाबाबत अतिशय कडक आहेत, आणि असावीतच. स्थानबद्धाने केलेल्या निवेदनाचा विचार करण्यास सरकारने विनाकारण काही दिवस लावले, तर तेवढ्या एका कारणावरून आदेश रद्द होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळातील एका प्रकरणात तुरुंगाधिकाऱ्यांनी स्थानबद्धाचे निवेदन साध्या टपालाने धाडले, ते पोहोचलेच नाही, आणि त्याचा विचार होण्यात महिनेच्या महिने गेले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आदेश मोडला व अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर ताशेरे ओढले. ते योग्यच झाले. मात्र सरकारने काही दिवस लावले तर हक्काचा भंग, आणि न्यायालयात तोच अर्ज काही महिने पडून राहिला तर 'बोर्डावर आला नाही', हा हिशेब कैद्याने कसा समजून घ्यावा? त्याच्या कोठडीत दिवस एकाच गतीने जातात, मग ते मंत्रालयातील फायलीमुळे जात असोत की न्यायालयातील तारखेमुळे.

न्यायमूर्तींच्या जागा रिकाम्या आहेत, अर्जांचे डोंगर साचले आहेत, हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे आणि ते खोटेही नाही. जागा न भरण्यात सरकारचा हात किती, यावर स्वतंत्र अग्रलेख लिहिता येईल. परंतु स्थानबद्धतेचे अर्ज हे त्या डोंगराचा लहानसा भाग आहेत, आणि कोणता अर्ज आधी घ्यावा हे ठरविण्यास नव्या न्यायमूर्तींची गरज लागत नाही. संझगिरींच्या काळी न्यायमूर्तींना अनुक्रमणिका चाळण्यास सवड झाली होती.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतील माणसाला रिटचे दार आता मुंबईचे भाडे न भरता गाठता येते. अनेक वर्षांच्या चळवळीचे हे फळ आहे. तेथपासूनच आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे. देहोपस्थितीचा आणि स्थानबद्धतेविरुद्धचा प्रत्येक अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पीठापुढे यावा. सरकारला उत्तर देण्यास एकच मुदत मिळावी, आणि ती दिवसांत मोजलेली असावी. मुदतीत प्रतिज्ञापत्र आले नाही तर सांगण्यासारखे काही नाही असे समजून निकाल द्यावा. अटकेचा एक तृतीयांश काळ लोटूनही अर्ज पडून असेल तर विलंबाचे कारण पीठाने आपल्याच लेखणीने नोंदवावे. आणि दर महिन्याच्या अखेरीस असे किती अर्ज आले, किती निकाली निघाले व किती मुदत संपल्यामुळे निरर्थक झाले, याचा तक्ता न्यायालयाच्या फलकावर लागावा. यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कायदा नको. उच्च न्यायालयाला आपले नियम करण्याचा अधिकार आहे. मुख्य न्यायमूर्तींनी मनावर घेतले तर एका परिपत्रकाचे हे काम आहे, आणि पहिला तक्ता येत्या महिन्याच्या अखेरीसच लागू शकेल.